इंग्रजी कविता कळते, पण भिडत नाही. मग चुकतं कुठे?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बारावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे कॉमर्स, आता बँकेत नोकरी. गेलं वर्षभर रात्री जेवणं उरकल्यावर तुम्ही एकेक गाजलेली इंग्रजी कविता वाचताय : वर्डस्वर्थ, शेली, कीट्स, फ्रॉस्ट. शब्द अडला की डिक्शनरी, कडवं अडलं की स्पष्टीकरण. तक्रारी तीन आहेत. पहिली, अर्थ कळतो पण आत काही हलत नाही. दुसरी, फ्रॉस्टची दोन वाटांची कविता, ‘द रोड नॉट टेकन’, मनापासून आवडली होती, ती ‘वेगळी वाट धरा’ असं सांगते म्हणून. मग स्पष्टीकरणात ‘हा सर्रास होणारा गैरसमज आहे’ असं वाचलं आणि स्वतःची लाज वाटली. तिसरी, ना डॅफोडिलचं फूल पाहिलंय ना बर्फ, मग इथे बसून केलेल्या या वाचनाला किंमत काय?

मी तालुक्याच्या गावच्या कॉलेजात २८ वर्षं इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त आहे आणि शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे सात-आठ जणं कविता वाचायला जमतात. त्या अनुभवावरून सांगते : या तीन तक्रारी नाहीत, एकच आहे. कवितेचा अर्थ दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात आहे आणि आपण तो तिथून सोडवून आणायचा आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. त्यामुळे तुमच्या मनात पहिल्या वाचनाला जे उमटतं ते ऐकून घ्यायच्या आधीच तुम्ही स्पष्टीकरण उघडता. न भिडण्याचं मूळ तिथे आहे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून असतात. परीक्षेसाठी वाचत असाल तर परीक्षकाला हवं ते लिहा, त्यात कमीपणा नाही. दर ओळीला तीन शब्द अडत असतील तर ती कविता सध्या बाजूला ठेवा. इतक्या ठेचा खात चालणाऱ्याला आजूबाजूचं काही दिसत नाही. आणि काही कवी काही वाचकांना कधीच लागू पडत नाहीत. अलेक्झांडर पोपचं कसब मला कळतं, वर्गात मी ते समजावूनही सांगितलं, पण रात्री उशाशी घ्यावासा तो मला कधी वाटला नाही. याची खंत करू नये.

आधी फ्रॉस्टकडे जाऊ, कारण तुम्हाला लाज तिथे वाटली आहे.

ती कविता मी स्वतः जवळजवळ दहा वर्षं तुमच्यासारखीच शिकवली. निरोप समारंभाला तर हमखास. रानात दोन वाटा फुटल्या, मी कमी मळलेली धरली, आणि त्यानेच सगळा फरक पडला. एका वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात एका मुलीने हात वर केला. “मॅडम, दोन्ही वाटा सारख्याच होत्या असं वर लिहिलंय. मग कमी मळलेली कुठली?” मी पुस्तकात पाहिलं. खरंच लिहिलं होतं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी कवी म्हणतो की जाण्यायेण्याने दोन्ही वाटा जवळपास सारख्याच झिजल्या होत्या. लगेच पुढे म्हणतो की त्या सकाळी दोन्हींवर सारखीच पानं पडलेली होती आणि ती अजून कुणाच्या पावलांनी काळवंडली नव्हती. शेवटच्या कडव्यात ‘खूप वर्षांनी मी उसासा टाकून हे सांगत असेन’ असं आहे. म्हणजे ‘कमी मळलेली वाट मी धरली’ हे त्या सकाळी घडलेलं नाही, ते म्हातारपणी सांगायच्या गोष्टीतलं वाक्य आहे. मी दहा वर्षं शेवटच्या तीन ओळी वाचत आले होते. त्या मुलीने वीसच्या वीस वाचल्या होत्या. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही, ‘उद्या सांगते’ म्हटलं.

त्या रात्री मला जे मिळालं ते तुमच्या कामाचं आहे. फ्रॉस्ट अमेरिकी, पण १९१२ ते १९१५ तो इंग्लंडमध्ये राहत होता. तिथे एडवर्ड थॉमस हा लेखक त्याचा जिवलग मित्र झाला, आणि दोघं ग्लॉस्टरशरच्या रानवाटांनी तासन्‌तास हिंडत. काही दुर्मीळ झाड किंवा फूल दाखवायला थॉमस एखादी वाट निवडायचा आणि परतताना हळहळायचा, दुसरीकडून गेलो असतो तर बरं झालं असतं. मित्राच्या या सवयीची थोडी चेष्टा म्हणून फ्रॉस्टने कविता लिहिली आणि त्यालाच पाठवली. थॉमसने ती गंभीरपणेच घेतली. उलट फ्रॉस्टला कळवलं की यातली गंमत दाखवून दिल्याशिवाय कुणाला दिसेलसं वाटत नाही. १९१५च्या ऑगस्टमध्ये ‘द अटलांटिक मंथली’त कविता छापून आली, त्याच्या आदल्या महिन्यात थॉमस सैन्यात भरती झाला होता. पहिल्या महायुद्धात, ९ एप्रिल १९१७ला फ्रान्समधल्या अरासच्या लढाईत तो मारला गेला.

म्हणजे ज्याच्यावर ती कविता लिहिली, जो उत्तम वाचक होता, ज्याने त्या वाटा कवीबरोबर तुडवल्या होत्या, त्यानेही ती तुमच्यासारखीच वाचली. तुम्ही लाज कशाची वाटून घेताय?

पण तुमचं पहिलं वाचनही बरोबर आणि स्पष्टीकरणही बरोबर, असं गोड बोलून मी तुम्हाला वाटेला लावणार नाही. ओळी सांगतात की वाटा सारख्या होत्या. तिथे तुमचं वाचन अपुरं पडलं. तरी ते फुकट गेलं नाही, कारण तुम्हाला जे वाटलं ते कवितेच्या आतच आहे. आपण निवडलं ते काही विचार करून निवडलं, त्याला अर्थ होता, असं मागे वळून म्हणण्याची माणसाची गरज, हाच तर शेवटच्या कडव्याचा विषय. तुम्ही बँकेची परीक्षा दिलीत, दुसरं काही केलं नाहीत. का, असं कुणी विचारलं तर तुमच्याकडे आज एक गोष्ट तयार असेल. त्या दिवशी ती होती का? हा प्रश्न स्वतःला विचारून कविता परत वाचा. ‘उसासा’ या शब्दाशी तुम्ही थांबाल. तो समाधानाचा की हळहळीचा, हे फ्रॉस्टने सांगितलेलं नाही, आणि वयाच्या प्रत्येक टप्प्यावर मला तो वेगळा ऐकू आला आहे.

आता डॅफोडिल आणि बर्फ.

फ्रॉस्टची दुसरी कविता घ्या, ‘स्टॉपिंग बाय वूड्स ऑन अ स्नोई इव्हनिंग’, बर्फ पडत असताना रानाशी घोडागाडी थांबवणाऱ्या माणसाची. ती त्याने १९२२च्या जूनमध्ये लिहिली, व्हरमाँटमधल्या शाफ्ट्सबरीच्या घरी. रात्रभर जागून एक लांबलचक कविता पुरी केली होती, बाहेर उन्हाळ्याची सकाळ उजाडत होती, आणि त्याने बर्फाच्या सांजेची कविता लिहून काढली. शेलीची ‘ओझिमँडियस’ आठवा : वाळवंटात मोडून पडलेला राजाचा पुतळा. शेली इजिप्तला कधी गेला नाही. कविता तसं लपवतही नाही. ‘दूरच्या प्राचीन देशातून आलेला एक प्रवासी मला भेटला’ अशीच ती सुरू होते, आणि पुढचं सगळं त्या प्रवाशाने सांगितलेलं.

कीट्सचं उदाहरण तर तुम्ही पाठच करून ठेवावं असं आहे. त्याला ग्रीक येत नव्हतं. १८१६च्या ऑक्टोबरमध्ये, एकविसावं पुरं व्हायला काही दिवस असताना, त्याच्या जुन्या हेडमास्तरांचा मुलगा चार्ल्स काउडेन क्लार्क याच्याकडे प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्याच्या, चॅपमनने केलेल्या इंग्रजी भाषांतराची जुनी प्रत आली. दोघांनी रात्रभर ते मोठ्याने वाचलं. कीट्स पहाटे चालत घरी गेला, आणि सकाळी दहाच्या सुमारास क्लार्क नाश्त्याला आला तेव्हा टेबलावर चौदा ओळींची कविता येऊन पडली होती. मूळ भाषा न येणाऱ्या, भाषांतरावर विसंबलेल्या वाचकाने दिलेला तो प्रतिसाद आहे. त्यात तो म्हणतो, नवा ग्रह नजरेच्या टप्प्यात पोहत यावा तसं मला झालं. पॅसिफिक महासागराकडे पहिल्यांदा टक लावून पाहणाऱ्या स्पॅनिश सेनानी कोर्तेझसारखं झालं. अमेरिकेच्या बाजूने पॅसिफिक पहिल्यांदा पाहणारा युरोपीय कोर्तेझ नव्हता, बाल्बोआ होता. इतिहासाचा तपशील घसरला. पण कवितेत टेकडीवर एकमेकांकडे बघत गप्प उभी राहिलेली कोर्तेझची माणसं दोनशे वर्षं झाली तरी हललेली नाहीत. मूळ भाषेपासून लांब असणं ही वाचकाची उणीव असेल, तर कीट्सही तुमच्याच बाकावर बसलेला आहे.

वर्डस्वर्थचं थोडं सावकाश बघू, कारण ‘आम्ही डॅफोडिल पाहिलं नाही’ हे मी दर वर्षी ऐकलं आहे.

१५ एप्रिल १८०२ला वर्डस्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी अल्सवॉटर तळ्याकाठून चालले होते. वारा सोसाट्याचा होता. काठाने डॅफोडिलांचा लांबच लांब पट्टा दिसला. डोरोथीने ते रोजनिशीत लिहून ठेवलं : काही फुलं दमून दगडांवर मान टेकून होती, जणू उशीच, आणि बाकीची झुलत, डुलत, नाचत होती. कविता लिहिली गेली ती दोनेक वर्षांनी, छापली १८०७मध्ये. आज आपण वाचतो ते रूप १८१५चं. ताऱ्यांचं कडवं त्यात नव्याने आलं, आणि आधी जी फुलं नुसती ‘नाचरी’ होती ती ‘सोनेरी’ झाली. ‘मनाच्या डोळ्यापुढे ती लखकन चमकतात, एकांताचं सुख तेच’ या अर्थाच्या दोन ओळी त्याची बायको मेरी हिने सुचवलेल्या. एकटेपणाच्या सर्वांत प्रसिद्ध कवितेत तीन माणसांचा हात आहे. हे कळल्यापासून ‘आय वाँडर्ड लोनली ॲज अ क्लाउड’ या पहिल्या ओळीतला ‘लोनली’ हा शब्द मला वेगळाच दिसतो. बहीण शेजारी चालत असतानाही माणूस ढगासारखा एकटा असू शकतो.

आणि शेवटचं कडवं. कवी दिवाणावर पडला आहे, कधी रिकाम्या मनाने, कधी विचारात, आणि न बोलावता ती फुलं परत येतात. मुख्य घटना ही आहे. तळ्याकाठी ‘हे दृश्य मला काय धन देऊन गेलं याचा मी फारसा विचारच केला नाही’ असं तो स्वतः म्हणतो. म्हणजे या कवितेसाठी तुमच्याकडे डॅफोडिल असण्यापेक्षा न बोलावता परत येणारी एखादी आठवण असायला हवी. माझ्यासाठी ती सोनकी आहे. बी.ए.ला असताना भाद्रपदात मैत्रिणींबरोबर एका गडावर गेले होते. माथ्यावर धुकं होतं, ते अचानक फाटलं आणि पठारभर पिवळी सोनकी वाऱ्यावर एका लयीत वाकत होती. तेव्हा मी चिखलात बुडालेल्या चपलांना वैतागले होते. पुढे कित्येक वर्षांनी पेपर तपासता तपासता डोळे मिटले आणि ती परत दिसली.

पण इथे एक सावधगिरी बाळगा. डॅफोडिलच्या जागी सोनकी बसवली की काम झालं, असं नाही. सोनकी पाऊस ओसरताना येते, सगळं आधीच हिरवंगार असताना. डॅफोडिल येतं ते लांब, काळोख्या, थंड हिवाळ्यानंतर, जेव्हा डोळे रंगाला भुकेलेले असतात. ती भूक आपल्याला माहीत नाही असं मात्र समजू नका. मे अखेरीस पहिल्या वळवाच्या वासाने जे होतं ते आठवा आणि ते सोनकीच्या दृश्यावर ठेवा. आपली आठवण घेऊन कवितेत शिरायचं आणि कवितेत वेगळं काय आहे तेही बघायचं. पुष्कळ वाचक पहिलं करून थांबतात.

आता तुमची पहिली तक्रार : अर्थ कळतो, आत काही हलत नाही. माझ्या अनुभवात दहातल्या सात वेळा याचं कारण कान असतो.

आपण मराठी माणसं इंग्रजी ओळ वाचताना प्रत्येक अक्षराला जवळपास सारखंच वजन देतो. आपल्या वृत्तांचा हिशेब लघु-गुरूचा, मात्रांचा. अक्षर किती लांबवायचं याचा. इंग्रजी ओळ आघातावर चालते, कुठलं अक्षर दाबून म्हणायचं यावर. ते दाबलं नाही की ओळीची चाल जाते आणि हातात फक्त माहिती उरते. ‘द वूड्स आर लव्हली, डार्क अँड डीप’ ही ओळ म्हणून बघा. आठ अक्षरं, चार आघात : वूड्स, लव्ह, डार्क, डीप. या चारांवर टेबलावर बोटाने ठोका द्या, बाकीची हळू जाऊ द्या. पाच-सहा वेळा म्हणा. घोड्याचं पाऊल ऐकू यायला लागतं, आणि शेवटच्या दोन आघातांवर ओळ जड होऊन खाली बसते. फ्रॉस्टचं स्वतःच्या आवाजातलं वाचन ध्वनिमुद्रित आहे, तेही ऐका. अभिनय नाही, शेजारी बसून सांगावं तसं वाचतो.

आता त्याच कवितेची यमकं बघा. ओवीत चौथा चरण मोकळा असतो, तशी इथे प्रत्येक कडव्यात तिसरी ओळ मोकळी सुटते. ‘नो, दो, स्नो’ यांच्यात मध्येच ‘हिअर’. पण पुढचं कडवं त्या सुटलेल्या ‘हिअर’चा हात धरतं : ‘क्विअर, निअर, यिअर’, आणि त्यात ‘लेक’ मोकळं सुटतं. त्याच्या पुढचं ‘लेक’ला धरतं आणि ‘स्वीप’ला सोडतं. असं प्रत्येक कडवं पुढच्याकडे ओढत नेतं. शेवटच्या कडव्यात पुढे जायला जागाच नाही, म्हणून चारही ओळी एकाच यमकावर येतात आणि ‘झोपण्याआधी कित्येक मैल जायचंय’ ही ओळ दोनदा येते. माणूस जागीच थांबल्यासारखा वाटतो, आणि तरी म्हणतोय की जायचंय. पंडित नेहरूंनी अखेरच्या काळात याच शेवटच्या ओळी स्वतःच्या हाताने उतरवून जवळ ठेवल्या होत्या, हे आमच्या पिढीला शाळेत सांगत.

या ओळींवर पुष्कळ जण मृत्यूचं सावट बघतात, आणि ते रान ‘डार्क अँड डीप’ आहेच. मला मात्र त्या एकदा वेगळ्या ऐकू आल्या. यजमानांचं ऑपरेशन झालं होतं, दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून तिसरी रात्र काढत होते. पहाटे कधीतरी ओठांवर ती ओळ आली, दोनदा. त्यात मरण नव्हतं, नुसता थकवा होता. पहिल्यांदा ती ओळ म्हणजे हिशेब होता : अजून औषधं आणायची, मुलांना फोन करायचा. दुसऱ्यांदा तीच ओळ म्हणजे पाय उचलणं. तेव्हाच मला जाणवलं की ‘प्रॉमिसेस टू कीप’ला मराठीत किती नेमकं बोलता येतं : शब्द दिलेत, ते पाळायचेत. आपल्या भाषेत वचन म्हणजेच शब्द. इंग्रजीतही ‘वर्ड’ देतात आणि पाळतात, पण फ्रॉस्टने इथे तो वापरलेला नाही. मराठीत मात्र तो आपोआप आला, आणि त्या ओळीशी माझं नातं तिथे घट्ट झालं. मराठीतून विचार करतो म्हणून आपण मागे आहोत, असं तुम्ही तुमच्या प्रश्नात म्हटलंय. माझा अनुभव उलटा आहे.

मग मनाला येईल ते वाटून घ्यायचं का? नाही. माझी कसोटी एकच आहे, आणि शनिवारच्या बैठकीतही तीच चालते : कुठल्या ओळीवरून वाटलं ते दाखवा.

‘ओझिमँडियस’ शिकवताना दोन विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक मुलगा म्हणाला, या राजाला गर्वाची शिक्षा देवाने दिली. मी म्हटलं, ओळ दाखव. त्याने शोधलं, सापडेना. कवितेत कुणी शिक्षा देत नाही. कुणाचा राग नाही, वीज नाही, शाप नाही. फक्त वाळू आहे, सपाट आणि दूरवर पसरलेली. शोधता शोधता तो स्वतःच म्हणाला, “मॅडम, कुणी शिक्षा दिली असती तर निदान कुणाचं त्याच्याकडे लक्ष तरी होतं म्हणायचं.” एवढं चांगलं वाक्य मला कुठल्या टीकाग्रंथात मिळालेलं नाही, आणि ते मिळालं चुकीच्या वाचनातून, ओळींकडे परत गेल्यामुळे.

दुसरी मुलगी वर्गात सहसा बोलत नसे. तिचे वडील दगडकाम करायचे : पाटे, वरवंटे, उंबरे, देवळांच्या पायऱ्या. ती म्हणाली, “राजा गेला, पण घडवणाऱ्याचं काम टिकलंय. चेहरा फुटून वाळूत गेला तरी ओठाची मुरड दिसते. आणि पाय अजून उभे आहेत.” मी ओळ विचारायच्या आधीच तिने दाखवली : कवी म्हणतो, शिल्पकाराने ते विकार नीट वाचले होते, आणि निर्जीव दगडावर उमटलेले ते अजून टिकून आहेत. ही चौदा ओळींची कविता वर्षानुवर्षं आम्ही राजाची म्हणून शिकवत आलो. त्या दिवसापासून मला त्यात एक कारागीर दिसतो, ज्याला नाव नाही, ज्याने भीतीपोटी खोटा चेहरा घडवला नाही. ओझिमँडियस हे इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याचं ग्रीक नाव, हे तुम्हाला स्पष्टीकरण सांगेल आणि ते कळायलाच हवं. पण छिन्नीच्या सफाईकडे बघायला तिच्या घरातलेच डोळे लागले.

तेव्हा माझी रीत थोडक्यात अशी. कविता दोनदा मोठ्याने वाचायची, आघात सांभाळून. मग दुसरं काहीही उघडायच्या आधी वहीत तारीख टाकून मराठीत चार ओळी लिहायच्या : काय वाटलं, कुठल्या ओळीवर वाटलं. काहीच वाटलं नाही तर तेही लिहायचं. त्यानंतर डिक्शनरी आणि सगळ्यात शेवटी स्पष्टीकरण. स्पष्टीकरण वाचून मत बदललं तर जुन्या ओळी खोडायच्या नाहीत, खाली नव्या लिहायच्या. दोन वाटांच्या कवितेखाली माझ्या वहीत चार वेगवेगळ्या तारखा आहेत. आणि संहिता कुठली वाचतोय तेही बघत जा. एमिली डिकिन्सन या अमेरिकी कवयित्रीची मृत्यूच्या गाडीची कविता तिच्या पश्चात १८९०मध्ये पहिल्यांदा छापली तेव्हा एक कडवं वगळलं होतं आणि तिचे ते ठिकठिकाणचे डॅश काढून टाकले होते. आजही ते रूप फिरत असतं. तिचे श्वास कुठे होते हेच त्यात कळत नाही.

आता सुरुवात कुठून करू, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. डॅफोडिल आणि बर्फ थोडे दिवस राहू द्या. रॉबर्ट हेडन या अमेरिकी कवीची ‘दोज विंटर संडेज’ वाचा. १९६२ची, चौदाच ओळींची, एकदोन सोडले तर शब्द सोपे. डेट्रॉइटच्या गरीब वस्तीत शेजाऱ्यांनी वाढवलेला हा मुलगा. त्यांनाच तो आईवडील म्हणायचा. कवितेत बाप पहाटेच्या काळ्यानिळ्या थंडीत उठतो, आठवडाभराच्या कामाने भेगाळलेल्या हातांनी राखेखालचे निखारे फुलवतो, आणि घर उबदार झालं की मुलाला हाक मारतो. त्याचे कुणी कधी आभार मानले नाहीत. मुलगा सावकाश उठतो, घरातल्या जुनाट संतापाला घाबरत, बापाशी तुटक बोलत. त्याच बापाने थंडी पळवलेली असते आणि मुलाचे चांगले बूटही पुसून ठेवलेले असतात.

पहिलेच दोन शब्द बघा : ‘संडेज टू’, रविवारीसुद्धा. एवढ्याशा ‘सुद्धा’त सोमवार ते शनिवार सगळे आले, आणि ते कुठेही वर्णन केलेले नाहीत. मी ही पहिल्यांदा वाचली तेव्हा चाळिशीत होते. मला आमच्या घरचा तांब्याचा बंब दिसला. वडील साडेचारला उठून चिपाडं, ढलप्या घालून तो पेटवायचे, धुराने खोकायचे, आणि आम्ही भावंडं गोधडीत पडून तो खोकला ऐकायचो. गरम पाणी हे आपोआपच असतं असं आम्हाला वाटे. ते तापटही होते. त्यांचा आवाज चढला की आम्ही घराच्या दुसऱ्या टोकाला जायचो. आमच्या बैठकीत ही कविता निघाली की प्रत्येक जण आपल्या वडिलांबद्दल बोलतो आणि बहुतेकांच्या बोलण्यातून तो संताप गळून जातो. तिथे मी थांबवते, कारण कवीने तो गाळलेला नाही. भीती आणि ऊब एकाच घरात, एकाच माणसाकडून आलेली. दोन्ही हातात धरून वाचावी लागते ही कविता.

शेवटच्या ओळीत एक शब्द तुम्हाला अडवेल : ‘ऑफिसेस’. प्रेमाची एकाकी, ‘ऑस्टिअर’ ऑफिसेस. इथे कार्यालयाचा संबंध नाही. कर्तव्यं, आणि चर्चमध्ये ठरलेल्या वेळी रोज म्हणायच्या प्रार्थना, हे दोन्ही त्यात आहे. ही ओळ मराठीत आणायचा प्रयत्न मी बरीच वर्षं करते आहे. ‘कर्तव्य’ लिहिलं, ते सरकारी वाटलं. एकदा पहाटे अंघोळीला पाणी काढताना ‘नित्यनेम’ सुचला, आणि बंबापुढे उकिडवे बसलेले वडील त्या शब्दात नीट बसले. ‘ऑस्टिअर’ला मात्र शब्द मिळालेला नाही. ‘कोरडा’ लिहून खोडला, ‘कठोर’ लिहून खोडला, ‘विरक्त’ काही दिवस ठेवला आणि मग तोही खोडला. तुम्ही वाचाल तेव्हा स्पष्टीकरण उघडायच्या आधी तुम्हाला कुठला सुचतो, तो मला कळवा.